आयाया बेटावरची रात्रपाळी

गेल्या श्रावणात माझी लेक बाळंतपणासाठी माहेरी आली आणि आमच्या घरात गिरणीसारख्या तीन पाळ्या सुरू झाल्या. सकाळची पाळी लेकीची, संध्याकाळची तिच्या वडिलांची आणि रात्री दीड ते पहाटे पाच ही रात्रपाळी माझी. नात तशी गुणाची. पण दिवस कोणता आणि रात्र कोणती हा भेद तिला मान्य नव्हता. तिचे पोट भरले की लेकीला झोपायला पाठवायचे आणि हिला खांद्यावर टाकून बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालायच्या. तिचा डोळा लागलाच तर आरामखुर्चीत अलगद बसायचे, कारण पाळण्यात ठेवले की ती पुन्हा उठायची. अशा वेळी माणसाने करायचे तरी काय? टीव्ही लावता येत नाही, विणकाम करता येत नाही, नामस्मरणात मन लागत नाही. टीपॉयवर लेकीने अर्धवट वाचून ठेवलेले एक पुस्तक होते. एका हातात मावत होते, म्हणून उचलले.

मॅडलिन मिलर या अमेरिकन लेखिकेची ‘सर्सी’ ही ती इंग्रजी कादंबरी. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. मिलरबाई मुळात लॅटिन आणि ग्रीक भाषांच्या शिक्षिका. त्यांची पहिली कादंबरी ‘द साँग ऑफ अकिलीस’ २०११ साली आली आणि दुसऱ्याच वर्षी तिला इंग्लंडमधले ऑरेंज पारितोषिक मिळाले. यातले काहीही मला तेव्हा ठाऊक नव्हते. ग्रीक पुराणांविषयीचे माझे ज्ञान लाकडी घोडा, एकडोळ्या राक्षस आणि टाचेला बाण लागून मेलेला अकिलीस एवढ्यावरच संपत होते. बँकेत पस्तीस वर्षे आकडे जुळवण्यात गेली, त्यात झ्यूस आणि अपोलो यांची खाती कुठे उघडायची? सर्सी म्हणजे पुरुषांची डुकरे करणारी एक चेटकीण, इतके मात्र कुठेतरी वाचले होते.

होमरच्या ‘ओडिसी’त ती येते दहाव्या सर्गात. ट्रॉयचे युद्ध आटोपून घरी निघालेला ओडिसियस आयाया नावाच्या बेटाला लागतो. तिथे रानात एक घर आहे. दारात माणसाळलेले सिंह आणि लांडगे फिरताहेत, आत एक देवता मागावर विणत गात बसली आहे. ओडिसियसचे काही सोबती आत जातात, ती त्यांना खाऊपिऊ घालते आणि त्यांची डुकरे करते. हर्मिस या देवाने दिलेल्या जडीबुटीमुळे ओडिसियसवर तिची मात्रा चालत नाही. तो तलवार उपसतो, ती नमते, सोबत्यांना माणसात आणते आणि मग स्वारी तिच्याकडे चांगली वर्षभर मुक्काम ठोकते. शेवटी सोबतीच त्याला घराची आठवण करून देतात. निघताना ती पुढच्या वाटेवरची संकटे सांगते आणि तिचे काम संपते. नायकाच्या प्रवासातले ते एक ठाणे.

मिलर यांनी काय केले, तर ठाणे तिथेच ठेवले आणि प्रवासाला गौण केले. गोष्ट सर्सी स्वतः सांगते आणि ओडिसियस बेटावर येतो तोपर्यंत जवळजवळ अर्धे पुस्तक संपलेले असते. त्याच्या आधी तिचे शेकडो वर्षांचे आयुष्य झालेले आहे आणि तो गेल्यावरही ते उरणार आहे.

सर्सी ही सूर्यदेव हेलिओसची मुलगी. पण ना बापाचे तेज, ना आईचे रूप. आवाज तर इतका बारीक आणि चिरका, की घरातले सगळे तिची टर उडवतात. पुढे हर्मिस तिला सांगतो, की तुझा आवाज माणसांसारखा आहे. ही कल्पना लेखिकेने हवेतून काढलेली नाही. होमरनेच या देवतेला माणसाच्या वाणीने बोलणारी असे विशेषण लावले आहे. पिढ्यान्पिढ्यांच्या पंडितांनी त्या विशेषणावर टीपा लिहिल्या; या बाईने त्यातून एका मुलीचे अख्खे बालपण उभे केले. देवांच्या घरात माणसाचा आवाज घेऊन जन्मलेली पोर!

देवांचे घर मात्र मला फार ओळखीचे वाटले. काका, मामा, आत्या, चुलतभाऊ, मानपान, कोणाला आधी विचारले आणि कोणाला नंतर. फरक इतकाच, की इथे कोणी कधी मरत नाही. आपल्याकडे एखादा कडक काका गेला, की त्याच्याबरोबर घरातले दोन-तीन जुने तंटे तरी जातात. इथे तीही सोय नाही. हजार वर्षांपूर्वीचा अपमान काल झाल्यासारखा ताजा. आयुष्य न संपणारे असल्यामुळे कोणाला सुधारण्याची घाई नाही आणि कोणाची क्षमा मागण्याची गरज नाही. या सगळ्यात तिच्याशी पहिल्यांदा नीट बोलतो तो प्रॉमिथिअस. माणसांना अग्नी दिला म्हणून त्याला भर दरबारात फटके मारले जातात. सगळे तमाशा बघून पांगतात आणि ही मुलगी लपतछपत त्याच्यासाठी पेला घेऊन जाते. पुढच्या साऱ्या कादंबरीचे बीज त्या एका पेल्यात आहे.

पुढे ती ग्लॉकस नावाच्या एका गरीब कोळ्याच्या प्रेमात पडते आणि वनस्पतींचा रस वापरून त्याला देव करते. देव झाल्याबरोबर तो बदलतो आणि सिला नावाच्या सुंदर अप्सरेवर भाळतो. मत्सराने सर्सी सिलेच्या स्नानाच्या पाण्यात तोच रस ओतते. सिलेची सहा तोंडांची राक्षसी होते आणि शतकानुशतके जहाजांवरचे खलाशी मटकावत राहते. या अपराधासाठी सर्सीला आयायावर कायमचे हद्दपार करतात. तिथे एकटीने राहताना ती काय शिकते? तर पाला, मुळ्या आणि फुले ओळखायला. कोणती कधी खुडायची, कोणती वाळवायची, कोणती उगाळायची. चुका, करपलेली भांडी, वाया गेलेले काढे, पुन्हा पहिल्यापासून. तिची विद्या वरदानाने आलेली नाही, हाताला घट्टे पाडून आलेली आहे. औषध आणि विष या दोहोंसाठी ग्रीक भाषेत एकच शब्द आहे, ‘फार्माकॉन’. तो वाचून मला माझ्या आजीची सहाण आठवली. वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड. कोणाचे किती वेढे उगाळायचे हे तिच्या बोटांना ठाऊक होते, आणि एखादा वेढा जास्त झाला तर काय होईल हेही. मुलांच्या डॉक्टरांनी सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको अशी ताकीद दिल्यामुळे ती सहाण या वेळी माझ्या कपाटातच राहिली, हा भाग वेगळा.

डुकरांची गोष्टही इथे उलगडते. वाट चुकून आलेल्या पहिल्या खलाशांना सर्सी आनंदाने जेवू घालते. घरात बाप नाही, भाऊ नाही, नवरा नाही, हे कळल्यावर त्यांचा म्होरक्या तिच्यावर बलात्कार करतो. त्यानंतर बेटाला लागणाऱ्या जहाजांना ती जेवू घालते आणि वाट बघते. मग डुकरे होतात. लेखिका तिला निर्दोष ठरवत नाही. नंतर नंतर हे तिच्या अंगवळणी पडते आणि तेही ती लपवत नाही. पण आजवर जे विचारलेच गेले नव्हते, ते लेखिका विचारते: भुकेल्यांना वाढून देणाऱ्या बाईने पेल्यात विष का कालवले असेल?

अशा रीतीने रोज रात्री वीस-पंचवीस पाने होत होती. सर्सीची बहीण पासिफाई मिनोटॉरला, म्हणजे बैलाच्या तोंडाच्या त्या पोराला, जन्म देते तो प्रसंग मात्र मी दिवसाउजेडी वाचला. घरात ओली बाळंतीण असताना ती पाने रात्री वाचण्याची छाती झाली नाही.

आणि मग टेलेगोनसचा जन्म झाला. ओडिसियस निघून गेल्यावर सर्सीला झालेला हा मुलगा. देवी असली तरी बाळंतपण एकटीचे. सुईण नाही, आई नाही, शेजारीण नाही. पोर रात्रंदिवस केकाटते. दुपटे नको, मांडी नको, समुद्राचा आवाज नको, शांतता त्याहून नको. सिंहांना माणसाळवणारी, देवांना जरबेत ठेवणारी ही बाई एका वीतभर पोरापुढे हात टेकते. पहाटे सव्वातीन वाजता मी खुर्चीत एकटीच हसू लागले. माझ्या हसण्याने नात जागी झाली, नातीच्या रडण्याने लेक जागी झाली आणि दारात येऊन म्हणाली, “आई, तू हे वाचतेयस? मी तिथेच सोडलंय. मला पुढे वाचवेना.”

ती का थांबली हे मला पुढच्या दोन पानांत कळले. अथीना देवी त्या बाळाच्या जिवावर उठलेली आहे. साध्या साध्या अपघातांतून ती त्याला गाठू बघते. सर्सी सगळ्या बेटावर मंत्राचे कवच घालते, पण ते टिकत नाही. पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षे, दमून गळून जाईपर्यंत घालावे लागते. अथीना समोर येऊन मूल मागते, त्याच्या बदल्यात लालूच दाखवते. सर्सी नाही म्हणते. नवी आई हे वाचू शकली नाही यात नवल नाही. मी वाचू शकले, कारण त्या भीतीतून मी एकदा पार झाले आहे. त्या रात्री नातीच्या कपाळावरची तीट पुसट झालेली दिसली, ती उठून पुन्हा लावली. अंधश्रद्धा म्हणा हवे तर. बेटाला कवच घालणाऱ्या त्या बाईचे आणि माझे त्या घटकेला चांगले जमले.

माझा थोरला भाऊ निवृत्त प्राध्यापक. एका रविवारी बाळाला बघायला आला आणि माझ्या हातातले पुस्तक पाहून म्हणाला, “अगं, होमर सोडून हे काय वाचतेस? हापूस सोडून बाटलीतलं सरबत पिण्यासारखं आहे हे.” दादाकडे ई. व्ही. रियू यांच्या ‘ओडिसी’च्या गद्य अनुवादाची जीर्ण प्रत आहे. पेंग्विन क्लासिक्स ही प्रसिद्ध माला १९४६ साली याच अनुवादाने सुरू झाली. मी म्हटले, “दादा, दे ती प्रत, तीही वाचते.” आणि खरोखरच दहावा, अकरावा, बारावा असे तीन सर्ग वाचले. होमर थोर आहेच. त्याबद्दल माझ्यासारखीने प्रमाणपत्र द्यायची गरज नाही. पण दादाच्या सरबताला माझ्याकडे उत्तर तयार झाले.

मूळ मूळ म्हणतात ते नेमके कोणते? होमरच्या काव्यांमागेच कित्येक पिढ्यांची तोंडी गायली जाणारी गाणी आहेत. होमरची सिला राक्षसी आहे; ती तशी कशी झाली हे तो सांगत नाही. सात-आठशे वर्षांनी रोममध्ये ओव्हिड हा कवी सांगतो, की ग्लॉकसच्या नकाराने चिडून सर्सीने तिला तसे केले. तेच मिलर आणखी पुढे नेतात आणि ग्लॉकसला देव करण्याचे कामही सर्सीच्याच पदरात टाकतात. युरिपिडिस तर प्रत्यक्ष ग्रीकच. त्याने इसवी सनपूर्व ४१२ साली एक नाटक केले, त्यात हेलन ट्रॉयला कधी गेलेलीच नाही. ती इजिप्तमध्ये बसली आहे आणि सगळे महायुद्ध तिच्या आभासासाठी झाले! ज्या समाजाने आपल्या सर्वांत पूज्य कथेचा पायाच काढून घेणारे नाटक रंगमंचावर पाहिले, त्याच्या कथांना सोवळ्यात ठेवणारे आपण कोण? आणि ‘ययाती’ व ‘मृत्युंजय’ उशाशी ठेवून वाढलेल्या मराठी वाचकाने तरी नाक मुरडू नये.

दादाचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. या कादंबरीत आयायावर इतकी थोर मंडळी हजेरी लावतात, की ते बेट एस.टी.चा थांबा वाटावे. हर्मिस येतो, जेसन आणि मेडीआ येतात, कुशल कारागीर डिडॅलस येतो. आणि सर्सी अधूनमधून आजच्या एखाद्या शिकलेल्या मुलीसारखी विचार करते. पण डिडॅलसने तिला दिलेला माग, त्यावर तिने एकटीने विणत काढलेली वर्षे, हे वाचताना असले हिशेब सुचत नाहीत.

शेवटाकडे येते. तो सांगून टाकते. ग्रीक प्रेक्षकही शेवट माहीत असूनच नाटकाला जात. टेलेगोनस सोळा वर्षांचा झाल्यावर बापाला भेटायला इथाकाला जाण्याचा हट्ट धरतो. अथीनापासून रक्षण व्हावे म्हणून सर्सी समुद्रतळाच्या एका प्राचीन देवाकडून विषारी शेपटी मिळवते आणि ती मुलाच्या भाल्याला बसवते. किनाऱ्यावरच्या झटापटीत म्हातारा ओडिसियस, समोर आपला मुलगा आहे हे न ओळखता, त्या भाल्याच्या ओरखड्याने मरतो. इथे मला महाभारत आठवल्यावाचून राहिले नाही. भीम हिडिंबेपाशी मुलगा होईपर्यंत राहतो आणि निघून जातो. हिडिंबेचे पुढे काय झाले, हे व्यास फारसे सांगत नाहीत. अर्जुनालाही त्याचा मुलगा बभ्रुवाहन युद्धात मारतो. पण आपल्याकडे उलूपी आहे. ती नागलोकातला मणी आणते आणि अर्जुन उठून बसतो. ओडिसियससाठी मणी नाही. ग्रीकांच्या गोष्टीत मेलेला माणूस मेलेलाच राहतो.

टेलेगोनस विधवा पेनेलपीला आणि सावत्र भाऊ टेलेमॅकस याला घेऊन आईकडे परततो. ‘टेलेगोनी’ नावाचे एक प्राचीन महाकाव्य याच कथेवर होते. ते काळाच्या ओघात नष्ट झाले, त्याचा सारांश तेवढा उरला आहे. त्यात शेवटी सर्सी या सगळ्यांना अमर करते आणि टेलेमॅकसशी लग्न करते. मिलर यांनी हा शेवट घेतला आणि मोज्यासारखा उलटा केला. टेलेमॅकस इथेही आहे. बापाच्या आज्ञेवरून बारा दासींना फाशी दिल्याचे ओझे घेऊन जगणारा, थकलेला, सरळ माणूस. होमरने त्या दासींना बाविसाव्या सर्गात काही ओळींत संपवले. मार्गारेट ॲटवूड यांनी २००५ साली ‘द पेनेलपियाड’ त्यांच्यासाठी लिहिले आणि मिलर यांनी त्या फासाचा वळ मारणाऱ्याच्या मनावर दाखवला. सर्सी त्याला अमर करत नाही. तीच आपल्या विद्येचा शेवटचा काढा करते आणि माणूस होण्यासाठी, म्हणजे म्हातारी होऊन मरण्यासाठी, पेला तोंडाला लावते.

पेला प्रॉमिथिअससाठी नेला होता, पेल्यात खलाशांसाठी विष कालवले होते आणि आता हा तिसरा, स्वतःसाठी. ययातीला मुलाचे तारुण्य हवे होते. ही बाई न संपणारे तारुण्य ओतून टाकते. कशासाठी? देवांच्या घरात काहीच बदलत नाही म्हणून. जे संपत नाही त्याला कोणी जपत नाही म्हणून.

हे पान मी वाचले तेव्हा पाच वाजायला आले होते. दूधवाल्याच्या सायकलची घंटी झाली. नात माझ्या दंडावर डोके ठेवून झोपली होती आणि हाताला मुंग्या आल्या होत्या. मी चौसष्ट वर्षांची आहे. ही वीस वर्षांची होईल तेव्हा मी चौऱ्याऐंशीची असेन किंवा नसेन. एरवी हा हिशेब मनात आला, की मी घाईने दुसरा विषय काढते. त्या पहाटे काढला नाही. मुंग्या आल्या तरी हात तसाच ठेवला. अमर असते तर कदाचित पाळण्यात ठेवून दिले असते. पुढच्या हजार वर्षांत घेऊ की कधीतरी!

लेक आता तिच्या घरी गेली. नात रात्रीची झोपते म्हणे. मला मात्र दीड वाजता जाग येतेच. पुस्तक लेकीने माझ्यासाठी ठेवले होते, ते दादा “चाळतो” म्हणून घेऊन गेला. वहिनी गेल्याला तीन वर्षे झाली. तोही रात्री जागाच असतो. परवा सकाळी त्याचा फोन आला. इथाकाला परतलेला ओडिसियस घरात स्वस्थ बसू शकत नाही, बायकोमुलावर संशय घेतो, युद्ध संपले तरी युद्धातच जगतो, हे टेलेमॅकस सांगतो तिथवर तो पोहोचला होता.

“होमरने हे सांगितलं नाही, ते बरंच केलं,” दादा म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, “पण कोणीतरी सांगायला हवं होतं.”

मी म्हटले, “पुढे वाच. अजून पेनेलपी बोलायची आहे.”